पाण्याची पाळी

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याविषयी लिहायला बसणारा माणूस एक तर विसरभोळा असला पाहिजे, नाही तर खानदेशातला. मी दोन्ही आहे. संपादकांनी पत्र धाडले, 'दिवाळीला शोभेल असे काही लिहा.' मी कागद पुढे ओढला आणि डोळ्यांसमोर उभे राहिले ते वैशाखातले धुळे, दुपारचा दीड, ओस पडलेली गल्ली आणि तिच्या तोंडाशी असलेला आमचा निंब. तेव्हा वाचकहो, पणत्या आणि करंज्या इतर लेखकांकडे सोपवून मी आज झाडांकडे वळते. त्यालाही कारण आहे. झाडाचा उन्हाळा चैत्रात सुरू होतो हा आपला समज आहे. खरे म्हणजे तो सुरू होतो ह्याच दिवसांत, पाऊस उलटल्यावर जमिनीतली ओल खाली खाली सरकू लागते तेव्हा. वैशाखात धावाधाव करणाऱ्याच्या हाती बहुधा बादलीच उरते, झाड उरत नाही. हे मी अनुभवाने सांगते, आणि अनुभव दोन आहेत. दोन्हींत चूक माझीच आहे.

पहिला अनुभव जळगावचा. लग्न होऊन मी जळगावला आले, कॉलेजात मराठी शिकवू लागले, आणि पुढे यथावकाश आम्ही गावाबाहेरच्या एका नव्या वसाहतीत घर बांधले. घर झाले, तशी झाडांची हौस आली. पुढे पारिजातक, मागे शेवगा आणि कागदी लिंबू, आणि नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात कलमी आंबा. बालकवी आमच्याच जिल्ह्यातल्या धरणगावचे. वर्षानुवर्षे त्यांच्या कविता शिकवणाऱ्या बाईला एक आंब्याचे रोप जगवता येऊ नये, ह्यासारखी नामुष्की नाही. पण ते जगले नाही एवढे खरे.

आणि दुर्लक्षामुळे मेले असेही नाही. सकाळी कॉलेजला जाताना एक तांब्या, दुपारी आल्यावर एक तांब्या, संध्याकाळी तुळशीला घालताना आणखी एक. दुपारी त्याची पाने मान टाकत, ती मला पाहवत नसत. मग ऐन उन्हात पुन्हा एक तांब्या. एप्रिल सरता सरता पाने कडेने करपली आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात काडी उरली.

त्याच सुमारास माय धुळ्याहून आली होती. तिने काडी हलवून पाहिली, बोटाने माती उकरली आणि म्हणाली, "खोडले तीस नही लागस बाय, मुयास्ले लागस." खोडाला तहान लागत नाही, मुळ्यांना लागते. मग तिने माझ्या हातून पहार घेऊन माती खणून दाखवली. वर दोन बोटे चिखल, आणि त्याखाली वीतभर कोरडा ठणठणीत मुरूम. माझे रोजचे तीन तांबे त्या दोन बोटांतच मुक्काम करीत आणि दुपारच्या उन्हाबरोबर निघून जात. ओल वर, म्हणून मुळ्याही वर. आणि वर आलेल्या मुळ्या म्हणजे तव्यावरच्या भाकरीच. शिवाय बुंध्याशी सदा चिखल राहिल्याने साल कुजली होती ती वेगळीच.

दुपारी पाने मान टाकतात, त्याविषयीही मायने तेव्हाच सांगितले आणि पुढे आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी ते शास्त्राने समजावले. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात मुळांनी ओढलेल्या पाण्यापेक्षा पानांतून उडणारे पाणी अधिक होते. तेव्हा झाड पानांची सूक्ष्म दारे लावून घेते आणि पाने मिटून किंवा लोंबकळून ऊन चुकवते. म्हणजे दुपारी आपण अंधार करून पडतो, तसे ते पडते. अशा वेळी पाणी घेऊन दार वाजवायचे नसते. झाड पाहावे ते सकाळी. सकाळीही पाने मलूल असतील तर ते खरोखर तहानलेले आहे.

मायला हे कोठून ठाऊक? ती कधी शाळेत गेली नाही. पण तिचे वडील साक्री तालुक्यात, पांझरेकाठच्या एका गावी फडाचे पाटकरी होते. इतर जिल्ह्यांतील वाचकांसाठी जरा सविस्तर सांगितले पाहिजे. पांझरा, मोसम ह्या आमच्या नद्यांवर काही शतकांपूर्वीपासून दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यात चढवलेले पाणी पाटाने शिवारात येते. शिवाराचे बहुधा चार भाग पाडलेले असतात, त्यांना फड म्हणतात, आणि एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचे. ह्या पद्धतीतली खरी गंमत पुढेच आहे. शेतकऱ्याने आपल्या शेताला आपण पाणी द्यायचे नाही. ते काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याचे. तो पाळीने एकेका शेताला पाणी देत जाणार, रात्र असो की दिवस. पिकाचा मालक बांधावर उभा राहून, "जरा अजून सोडा की" म्हणाला तरी पाटकऱ्याचे फावडे त्याच्यासाठी थांबत नसे. आजोबा म्हणत, मालकाच्या हाती पाणी दिले तर तो मायेपायी शेत बुडवतो.

हे वाक्य मायने मला त्या काडीशेजारी बसून सांगितले. मी काही बोलले नाही. माझा तांब्या अजून हातातच होता.

तेव्हापासून आमच्या घरी पाणी पाळीने. माझ्या मायेवर विश्वास नसल्यामुळे स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर झाडांची नावे लिहिलेली असतात. लहान रोपाला चार दिवसांनी, लिंबाला आठवड्याने, मुरलेल्या झाडाला दहा-पंधरा दिवसांनी. पण द्यायचे तेव्हा पोटभर, संध्याकाळी ऊन उतरल्यावर किंवा पहाटे. आळे बुंध्याला चिकटून करायचे नाही. फांद्यांची सावली दुपारी जेथवर पडते त्या कडेला गोल चर, आणि पाणी त्यात. झाडाच्या पाणी पिणाऱ्या बारीक मुळ्या बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत आणि थेट फांद्यांच्या टोकांखाली, त्याच्याही पलीकडे पसरलेल्या असतात. बुंध्याशी असतात ते जाड दोर, झाडाला उभे धरण्यासाठी. झाड वाढले की दरसाल आळेही वाढवायचे. पाणी पुरेसे मुरले की नाही ते पाहायला मी एक लोखंडी सळई ठेवली आहे. ओल्या मातीत ती सहज उतरते, कोरडी लागली की अडते. मुलगा तिला 'आईचा थर्मामीटर' म्हणतो.

आता घागरीची गोष्ट. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि खानदेशात तिचा थाट दिवाळीहून उणा नसतो. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, आणि पितरांच्या नावाने मातीची नवी घागर भरली जाते. सण झाला की घागर घरात पिण्याच्या पाण्याला. माय मात्र जुनी झालेली घागर फेकत नसे. ती परसात रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरून ठेवी, पाण्याने भरी आणि वर दगडी चीप झाकी. लहानपणी मला वाटे, हेही पितरांसाठीच असावे.

ते रोपासाठी होते हे पुष्कळ उशिरा कळले. मातीची घागर पाझरते. भोवतीची माती कोरडी असली तर ती घागरीतले पाणी ओढून घेते. माती ओली झाली की पाझर आपोआप मंदावतो. म्हणजे रोपाने मागावे आणि घागरीने द्यावे, मध्ये माझ्यासारखी मायाळू बाई नाही. ही युक्ती जुनी आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या चीनमधील फान शंग-जी ह्यांच्या शेतीग्रंथात पुरलेल्या मडक्यांचे वर्णन आहे. आपल्याकडे कर्नालच्या केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्थेतील आर. सी. मंडल ह्यांनी १९७४ च्या सुमारास मडक्यांच्या पाण्यावर भाजीपाला पिकवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. माझ्या मायचा प्रयोग कोठे प्रसिद्ध झाला नाही, तो आज होतो आहे.

कोणाला करून पाहायचे असेल तर दोन-तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या. घागर रंगवलेली किंवा चकचकीत झिलईची नसावी, तिला घाम येत नाही. रात्रभर भरून ठेवावी, सकाळी बाहेरून ओलसर दिसली तर ती कामाची. आठ-दहा लिटरची घागर रोपापासून हातभर अंतरावर पुरावी आणि तोंड जमिनीच्या बरोबरीने ठेवावे. झाकण अवश्य हवे, नाही तर रोप जगेल आणि घरातले डेंग्यूने आडवे होतील. ऐन उन्हाळ्यात चौथ्या-पाचव्या दिवशी भरावी. दोन-तीन वर्षांत क्षारांनी तिची छिद्रे बुजतात, तेव्हा बदलावी. दर आखाजीला नवी घागर येते आणि जुनी मोकळी होते, हे आपल्या पूर्वजांनी झाडांचा विचार करून ठरवले असेल असे मी म्हणत नाही. पण सोय मात्र नामी झाली आहे.

ज्या जळगावातून ठिबकाच्या नळ्या जगभर जातात, त्या गावात बसून मी घागरीचे माहात्म्य गाते आहे, ह्यावर आमच्या यजमानांनी पुष्कळ थट्टा केली. त्यांनी परसात ठिबकही बसवले आहे आणि ते उत्तम चालते. माझी तक्रार नाही. फक्त तोटी बुंध्याशी ठेवली होती, ती मी ते घरी नसताना हातभर लांब नेऊन ठेवली.

दुसरा अनुभव सांगताना मात्र हात अडखळतो.

धुळ्याच्या नव्या पेठेची आखणी ब्रिग्ज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ च्या सुमारास केली. म्हणून आमच्या गल्ल्या सरळ आहेत आणि त्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत. त्यांतल्याच एका गल्लीत आमचे माहेरचे घर, आणि घरापुढच्या अंगणात निंब. माझ्या जन्माच्या वर्षी वडिलांनी लावलेला. म्हणजे तो आणि मी एकाच वयाचे, चाळिशी ओलांडलेले. त्याच्या पश्चिमेकडच्या आडव्या फांदीला आखाजीचा झोका असे. मी, धाकटी बहीण, गल्लीतल्या साऱ्या मुली. लग्नानंतरही दोन-तीन वर्षे मी त्या झोक्यावर बसले आहे. प्राध्यापिकेने झोक्यावर बसू नये असा कोठे नियम नाही.

वडील गेले. भाऊ पुण्याला. माय एकटी, सत्तरी उलटलेली. २०२१ च्या पावसाळ्यात ती अंगणातल्या चिखलात घसरली. हाड मोडले नाही, पण आमचा धीर मोडला. भावाने पैसे पाठवले, मी जळगावहून जाऊन-येऊन काम करवून घेतले. अंगणभर चार इंच काँक्रीट आणि त्यावर पेव्हर ब्लॉक, थेट बुंध्यापर्यंत. भावाची मोटारही उभी राहील असे. कारागिराने विचारले होते, "मॅडम, झाडाभोवती थोडी जागा सोडू का?" मी म्हणाले, "नको, पाला साचतो." हे माझे शब्द आहेत. वाक्य एवढे नेमके आठवावे अशी माझी स्मरणशक्ती एरवी नाही.

पहिले वर्ष काही झाले नाही. अंगण स्वच्छ, माय निर्धास्त. दुसऱ्या वर्षी पाने लहान आली. २०२३ साली पावसाने दगा दिला. तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. थोडा पाऊस पडला तोही ब्लॉकवरून गटारात गेला. २०२४ चा पाडवा ९ एप्रिलला होता. गुढीला निंबाचा डहाळा तोडायला गेले तर पूर्वेकडे कोवळी तांबूस पालवी, आणि पश्चिमेची फांदी उघडी. नुसत्या काड्या. माय ओट्यावर बसली होती. म्हणाली, "झाडना जीव घाबरी राह्यना, बाय." ती मला दोष देत नव्हती, आणि तेच अवघड होते.

मी पहिल्यांदा रोगाची आशा धरली. माणूस असेच करतो. त्याआधी दोन-तीन वर्षे तेलंगणाकडे निंब शेंड्यापासून वाळत असल्याच्या बातम्या वाचल्या होत्या. तो बुरशीचा रोग आहे आणि एक कीडही त्याला हातभार लावते. तसे असते तर दोष बुरशीचा झाला असता. वनस्पतिशास्त्राचे सर सुट्टीत माझ्याबरोबर धुळ्याला आले. त्यांनी काड्या मोडून पाहिल्या, अंगणाकडे पाहिले आणि विचारले, "ह्याला श्वास घ्यायला कोठून देता?" मुळांना पाण्याइतकी हवा लागते. काँक्रीटखाली हवा नाही, पाऊस नाही, आणि वरून तापलेल्या फरशीची धग आहे. पश्चिमेकडे मोटारीसाठी माती ठोकून ठोकून घट्ट केली होती, म्हणून तीच बाजू आधी गेली.

आखाजीच्या आदल्या दिवशी दोन गडी लावून ब्लॉक उचलले. सरांनी बजावले होते की कुदळ जपून चालवा, मुळ्या तोडाल तर उपायच अपाय होईल. बुंध्याभोवती तीन बाजूंनी सहा-सात फूट मोकळे केले. खालची माती विटेसारखी झाली होती. पहारीने जागोजागी भोके पाडली, त्यांत वाळू आणि शेणखत भरले. मग कडेला चार खड्डे, आणि दर दहा दिवसांनी दोनशे लिटरचा एक पिंप, चार खड्ड्यांत वाटून, हळूहळू. धुळ्यात उन्हाळ्याचे नळाचे पाणी म्हणजे काय चीज असते हे धुळेकरांना सांगायला नको. मायने स्नानाचे आणि भाजी धुतल्याचे पाणी साठवून पिंप भरला. कपड्यांचे साबणाचे पाणी तिने त्यात मिसळू दिले नाही, त्याने माती आवळते. शेजारणी आपणहून बादल्या आणून ओतू लागल्या, तेव्हा मायने त्यांनाही पाळी लावून दिली.

त्याच आठवड्यात मी एक गोष्ट शिकले, जी मला चाळीस वर्षे रोज दिसत होती. निंब फाल्गुनात पाने टाकतो. ऊन तापायच्या नेमके आधी. दोन-चार आठवडे अंगण पाल्याने भरते, आणि आम्ही खराट्याने लोटून तो जाळतो, वर शेजाऱ्यांचे डोळे चुरचुरवतो. तो पाला म्हणजे झाडाने आपल्या पायांवर घेतलेले पांघरूण. चार बोटे पाचोळा अंथरलेल्या मातीला हात लावून पाहा आणि उघड्या मातीला लावून पाहा, सांगावे लागणार नाही. आमच्या काळ्या जमिनीला तर उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. भेगेतून गरम वारा आत शिरतो आणि बारीक मुळ्या तुटतात. 'एक कोळपणी अर्धे पाणी' म्हणतात ते ह्यासाठीच. वरची माती खुरप्याने भुसभुशीत करावी, भेगा बुजवाव्या, वर पाला टाकावा. फक्त बुंध्याला चार बोटे जागा सोडावी, नाही तर वाळवी सरळ पायरी चढते.

बाकीच्या बारीकसारीक गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत. कोवळ्या खोडाला चुना लावावा, विशेषतः दुपारनंतरचे ऊन खाणाऱ्या बाजूला, म्हणजे साल भाजत नाही. रोपाला पश्चिमेकडून आडोसा करावा. रावेर-यावलचे केळीवाले बागेला शेवरीचा आडोसा करतात, तोच न्याय. उन्हाळ्यात खत देऊ नये, छाटणी करू नये. आणि पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाते म्हणून हळहळून कुंडीत ओतणाऱ्या भगिनींनो, त्यात क्षार फार असतात. त्याने फरशी पुसा.

निंब जगला. जून २०२४ च्या पहिल्या पावसानंतर मधल्या फांद्यांवर खोडालाच फुटवे आले. पश्चिमेची फांदी मात्र आली नाही. पावसाळाभर वाट पाहिली. शहरातल्या झाडांना १९७५ चा कायदा आहे, म्हणून रीतसर अर्ज केला, परवानगी आली आणि दिवाळीनंतर ती फांदी उतरवली. आधी खालून अर्धा काप, मग वरून, म्हणजे साल सोलवटत नाही. कापावर एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी ह्या प्रमाणाची बोर्डो पेस्ट थोडी करून लावली. फांदीवर झोक्याच्या दोराने पडलेल्या दोन गुळगुळीत खाचा होत्या, बोट फिरवले की कळत. मायने तेवढा तुकडा सरपणात जाऊ दिला नाही. तो ओट्यावर आहे, त्यावर ती बसते.

२०२५ च्या आखाजीला झोका बांधला नाही. पूर्वेची फांदी अजून झोका पेलेल इतकी जाड नाही. पण मायने घागर भरली, आणि जुनी घागर पाचोळ्यात आपोआप उगवलेल्या एका निंबाच्या रोपाशेजारी पुरली. मी म्हटले, "माय, आहे त्या झाडाखाली दुसरे कशाला?" ती म्हणाली, "आता ऊन येते तेथे." फांदी गेली त्या जागी, खरेच, ऊन येते.

आता दिवाळी. पाऊस उलटला आहे, माती अजून ओली आहे. हीच वेळ पाला अंथरायची, ओल आत आहे तोवर झाकण घालायची. सुट्टी लागली की मी धुळ्याला जाणार आहे, पाल्याची दोन पोती जळगावहूनच घेऊन. एक काम मात्र राहिले आहे. पश्चिमेकडच्या ब्लॉकच्या तीन ओळी मोटारीसाठी तशाच ठेवल्या आहेत. भाऊ वर्षातून चार दिवस येतो, तेवढ्यासाठी. भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटात काय घालू, असे तो दरवर्षी विचारतो. यंदा मी त्याच्याकडे त्या तीन ओळी मागणार आहे. त्याला अजून सांगितलेले नाही. हा अंक तो आधी वाचील की आधी ताटासमोर बसेल, ते पाहायचे.